जुन्या बुलेटची निगा

यंत्र झिजते हा सृष्टिनियमच आहे. परंतु त्या झिजेची भरपाई कोणी करावयाची, याविषयी यंत्र घडविणाऱ्यांची मते काळानुसार पालटत आली आहेत. आजच्या दुचाकीचा निर्माता झिजेचा बंदोबस्त शक्य तितका कारखान्यातच करून ठेवतो, उरलेला अधिकृत कार्यशाळेकडे सोपवितो, आणि मग पेट्रोल भरणे व मुदत भरली की गाडी नेऊन उभी करणे एवढेच कर्तव्य मालकाच्या वाट्यास येते. सत्तर वर्षांपूर्वीच्या आराखड्यावर घडलेल्या मोटारसायकलीची गोष्ट याहून निराळी आहे. ती ज्याच्या दारी उभी राहील तो माणूस महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याशेजारी पाने घेऊन बसणार, हे तिच्या आराखड्यातच गृहीत धरलेले असते. म्हणूनच जेथे म्हणून झीज होणे अटळ आहे तेथे एखादा स्क्रू, एखादा लॉकनट, एखादी सरकती पट्टी अशी काही ना काही तजवीज करून ठेवलेली आढळते. ही तजवीज ज्याने ओळखली त्याला जुनी गाडी सांभाळणे जड जात नाही, आणि ज्याने ती ओळखली नाही त्याला तीच गाडी सदैव कुरकुरणारी व खर्चिक वाटत राहते.

अशा गाड्यांत आपल्याकडे सर्वांत परिचित अशी गाडी म्हणजे लोखंडी सिलिंडरची बुलेट. इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीची ही मोटारसायकल भारतीय लष्कराच्या मागणीमुळे या देशात आली; १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांच्या भागीदारीतून एनफील्ड इंडिया ही संस्था उभी राहिली आणि मद्रासनजीक तिरुवोट्टियूर येथे तिचा कारखाना निघाला. पुढे १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला, परंतु मद्रासेस त्याच मूळ रचनेचे इंजिन किरकोळ फेरफारांसह २०१० च्या सुमारापर्यंत तयार होत राहिले. ३४६ घनसेंटिमीटरचे एकच सिलिंडर, त्याचा व्यास ७० मिलिमीटर व दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर, आणि एवढ्या आकारातून अवघी १८ अश्वशक्ती, हे तिचे मान आजच्या हिशेबाने मंद खरे. पण याच मंदपणामुळे तिचे भाग मोठे, मोकळे आणि सामान्य माणसाच्या हातास सहज पोहोचतील असे राहिले. पोलीस खात्यात व लष्करात तिने दीर्घकाळ नोकरी केली, आणि आजही महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत तीस-चाळीस वर्षांच्या बुलेट नित्याच्या वापरात दिसतात. पुढील विवेचन याच गाडीला धरून केले आहे. त्यातील तत्त्व मात्र राजदूत, येझदी किंवा पहिल्या पिढीची हीरो होंडा यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते.

या गाडीच्या नित्य देखभालीचा सारा तपशील एका सूत्रात ओवता येतो, आणि ते सूत्र अंतराचे आहे. पॉइंटांच्या दोन टोकांमधील फट, प्लगच्या दोन टोकांमधील फट, टॅपेट आणि पुशरॉड यांच्यातील मोकळीक, चेनचा झोल, क्लचच्या दांडीची सैल हालचाल, ब्रेकचा गट्टू आणि ड्रम यांच्यातील जागा, ही सर्व ठरावीक मापाची अंतरे आहेत. नवी गाडी कारखान्यातून निघते तेव्हा ती अचूक असतात. वापराबरोबर घर्षणाने कोठे ती वाढतात, कोठे आकसतात, आणि गाडीच्या बहुतेक तक्रारी याच घटबढीतून उद्भवतात. मालकाने करावयाचे ते एवढेच की, बिघडलेले अंतर मोजावे, ते मूळ मापावर आणावे, आणि आणता येईनासे झाले की तो भाग बदलावा. यास जशी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही, तशी ते नुसत्या अंदाजाने साधतही नाही.

आरंभ हत्यारांपासून केला पाहिजे. जुन्या बुलेटवर इंग्लिश मापाचे आणि मेट्रिक मापाचे नट-बोल्ट एकाच गाडीवर शेजारी शेजारी नांदताना आढळतात. जवळपासच्या मापाचा पाना लावून जोर केला तर नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, आणि पुढल्या वेळी तोच नट छिन्नीने फोडावा लागतो. तेव्हा दोन्ही मापांचे रिंग पाने, चांगल्या धारेचे दोन-तीन पेचकस, एक पक्कड आणि एक फिलर गेज एवढा संच प्रथम जमवावा व हलक्या दर्जाचा माल घेऊ नये. काम करण्यापूर्वी रॉकेलात भिजविलेल्या ब्रशने व चिंधीने इंजिन स्वच्छ पुसून घ्यावे. यात शोभेचा हेतू मुळीच नाही. धूळ-तेलाच्या थराखाली सैल झालेला बोल्ट, तडकलेली पेट्रोलची नळी किंवा पाझरणारे गॅस्केट दडून राहते आणि पुसताना ते आपोआप नजरेस पडते. ही सफाई इंजिन पूर्ण थंड असताना, उघड्या जागी आणि आसपास विडी-काडी नसताना करावी. ॲल्युमिनियमच्या भागात बसणारा प्रत्येक बोल्ट व प्लग पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरवून बसवावा, मग पाना लावावा. कारण ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात आणि वाकडा बसलेला पोलादी प्लग ते पाहता पाहता कापून टाकतो.

आता पॉइंटांकडे वळू. बॅटरीतून कॉइलकडे जाणारा प्रवाह नेमक्या क्षणी तोडला की कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज उत्पन्न होते आणि प्लगवर ठिणगी पडते; हा प्रवाह जोडण्या-तोडण्याचे काम पॉइंट नावाची दोन लहान टोके करतात. त्यांना उघडणारा कॅम इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे असतील तर ही टोके त्याच मिनिटात १,५०० वेळा उघडमीट करतात. कॅमवर घासणारी त्यांची टाच हळूहळू झिजते, टाच झिजली की फट आकसते, आणि फट आकसली की टोके उशिरा उघडू लागतात. याचा परिणाम असा की ठिणगी मागे पडते. गाडी सुरू होण्यास त्रास देते, चढावर दम टाकते आणि नेहमीपेक्षा अधिक तापते. घाटात गाडी ओढत नाही म्हणून कार्ब्युरेटर उघडणारे पुष्कळ भेटतात, परंतु अनेकदा दोष या फटीतच असतो.

ही फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी लागते. गाडी मेन स्टँडवर घेऊन प्लग काढून ठेवावा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. मग वरचा गिअर टाकून मागचे चाक हळूहळू फिरवावे आणि कॅमच्या उंचवट्यामुळे पॉइंट पूर्ण उघडले की थांबावे. फिलर गेजचे पाते फटीत घालून ओढले असता ते किंचित धरल्यासारखे पण अडथळ्याविना निघाले पाहिजे. तसे नसेल तर पट्टीचा स्क्रू थोडा सैल करून पट्टी सरकवावी, स्क्रू आवळावा आणि पुन्हा एकवार मोजावे. कारण आवळताना पट्टी हमखास थोडी हलते, आणि ही दुसरी मोजणी गाळल्यामुळे कित्येकांची मेहनत वाया जाते. टोकांवर काळे डाग असतील तर अगदी बारीक पॉलिश पेपरचा हलका हात फिरवून पेट्रोलने ओलसर केलेल्या स्वच्छ कापडाने ती पुसावीत. कॅमला तेल पुरविणाऱ्या फेल्टवर एकच थेंब तेल द्यावे. तेच तेल टोकांवर उडाले तर जळून त्याची राख होते आणि प्रवाह अडतो. फट बदलली की ठिणगीचा क्षणही बदलतो, म्हणून टायमिंग तपासावयाचे असल्यास ते नेहमी फटीनंतर तपासावे, आधी तपासून उपयोग नाही.

झाकण न उघडता पॉइंटांची रुजुवात करण्याचे एक साधन या गाडीवर आहे, ते म्हणजे हेडलाइटच्या टपावरील अमीटर. दिवे बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि डीकॉम्प्रेसरची दांडी ओढून किक सावकाश दाबत जावी. पॉइंट मिटलेले असताना कॉइल वीज घेते म्हणून काटा उणे बाजूस कलतो, आणि ते उघडताच काटा मध्यावर परततो. काटा हलतच नसेल तर टोके मळलेली आहेत, अथवा वायर किंवा फ्यूज तुटलेला आहे; तो उणे बाजूसच खिळून राहिला तर पॉइंट उघडतच नाहीत असा अर्थ घ्यावा. रस्त्यात गाडी बंद पडली असता हा एक प्रयोग अर्ध्या मिनिटात निम्मा तपास पुरा करतो. इंजिन बंद असताना किल्ली मात्र चालू सोडू नये. पॉइंट मिटलेल्या स्थितीत असतील तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

प्लग हा तर इंजिनाचा लेखी जबाबच होय. काढलेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी दिसले तर ज्वलन ठीक चालले आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक आणि हवा कमी पडते आहे, बहुधा एअर फिल्टर तुंबला आहे किंवा चोक पूर्ण उघडत नाही. काजळी ओलसर व तेलकट असेल तर दट्ट्याच्या रिंगांतून अथवा झडपेच्या मार्गातून तेल वर येत आहे. आणि टोक पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कोठून तरी जादा हवा आत शिरते आहे. हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक समजावा, कारण त्यात इंजिन तापून दट्ट्याला इजा पोहोचते. पेट्रोलचे प्रमाण सुधारल्याशिवाय नुसता प्लग घासून बसविणे व्यर्थ आहे.

टॅपेटचे काम सर्वांत नाजूक असल्याची समजूत आहे. वास्तविक या इंजिनात ते सर्वांत सुबोध आहे. सिलिंडरच्या पायथ्याशी उजव्या बाजूस एका नटाने धरलेले लहानसे झाकण असते. ते काढले की आत दोन पुशरॉडांची खालची टोके दिसतात. कॅमचा धक्का याच दांड्यांतून वर रॉकरपर्यंत जातो आणि रॉकर झडप उघडतो. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी, दट्ट्या कॉम्प्रेशनच्या टोकाला आणावा, जेणेकरून दोन्ही झडपा मिटलेल्या असतील. मग वातीला पीळ द्यावा तसा एकेक दांडा दोन बोटांत फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे, परंतु वर-खाली त्यास तिळमात्रही खेळ नसावा. शून्य अंतर म्हणतात ते हेच. फिरताना दांडा अडत असेल तर तो घट्ट आहे, आणि टकटक हलत असेल तर सैल आहे. दुरुस्ती करताना एक पाना खालच्या टॅपेटवर, एक वरच्या वाटीवर आणि एक मधल्या लॉकनटावर, असे तीन पाने लागतात. लॉकनट आवळल्यावर दांडा पुन्हा फिरवून पाहण्याचा शिरस्ता येथेही चुकवू नये.

हे अंतर थंड इंजिनातच पाहावयाचे, याचे कारण धातूच्या प्रसरणात आहे. १०० मिलिमीटर उंचीचा लोखंडी तुकडा १०० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे ०.११ मिलिमीटर वाढतो, आणि ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट वाढते. इंजिन तापले की सिलिंडर आणि हेड उंचावतात आणि कॅमपासून रॉकरपर्यंतचे सारे माप पालटते. त्या स्थितीत लावलेले अंतर इंजिन निवताच चुकीचे ठरते. सैल टॅपेटचा आवाज येतो म्हणून मालक अस्वस्थ होतो आणि घट्ट टॅपेट गप्प असतो म्हणून त्यास निश्चिंत वाटते; परंतु धोका उलट बाजूस आहे. सैल टॅपेटने झडप थोडी कमी उघडते व ताकद किंचित घटते, एवढेच. घट्ट टॅपेटने झडप आपल्या बैठकीवर पुरती बसत नाही, तिच्या कडेतून जळते वायू निसटत राहतात, आणि झडपेची उष्णता मुख्यतः त्या बैठकीवाटेच बाहेर जात असल्यामुळे एक्झॉस्टची झडप अखेर जळून जाते. म्हणून शंका असेल तेथे किंचित सैल बाजू पत्करावी.

तेलाविषयी थोडा विस्तार आवश्यक आहे, कारण बुलेटची तेलव्यवस्था इतर गाड्यांहून वेगळी आहे. तिच्यात तेलाचा साठा इंजिनाच्याच अंगात, पण क्रँकपासून अलग अशा कप्प्यात असतो. एक पंप तेल पुरवितो आणि दुसरा खाली जमलेले तेल उपसून कप्प्यात परत आणतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की कप्प्यातील तेल पंपाच्या फटीतून हळूहळू खाली क्रँकच्या जागेत उतरते. अशा वेळी पट्टी लावून पाहिल्यास तेल कमी दिसते. मालक घाईने वर तेल ओततो आणि मग गाडी धूर ओकू लागते. यासाठी गाडी पाच-दहा मिनिटे चालवून, थोडी थांबवून, मगच पातळी पाहावी. तेल बदलताना इंजिन गरम असावे, कारण पातळ झालेले तेल तळाचा गाळ सोबत घेऊन निघते. निचरा पूर्ण होऊ द्यावा, फिल्टर बदलावा, आणि २०डब्ल्यू-५० या जातीचे नवे तेल भरावे. बाहेर आलेल्या तेलात बोट बुडवून उन्हात पाहावे. काळेपणा ही चिंतेची बाब नाही. परंतु चकाकणारे धातूचे कण पुष्कळ दिसले तर आत कोठेतरी बेअरिंग झिजत आहे अशी ती पूर्वसूचना समजावी. वापरलेले तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

उरलेल्या अंतरांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही, म्हणून चाक पूर्ण फिरवून तिची सर्वांत ताणलेली जागा शोधावी आणि तेथे साधारण २५ मिलिमीटर झोल ठेवावा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस खाचा असलेल्या गोगलगाईच्या आकाराच्या चकत्या असतात; दोन्हीकडे तीच खाच आली पाहिजे, नाहीतर चाक वाकडे बसून टायर व स्प्रॉकेट दोन्ही लवकर झिजतात. चेनच्या जोडकडीची क्लिप बसविताना तिचे बंद तोंड चेनच्या धावण्याच्या दिशेस असावे. क्लचच्या दांडीस दोन-तीन मिलिमीटर सैल हालचाल राहू द्यावी, अन्यथा प्लेटी पुरत्या दाबल्या न जाता घसरून जळतात. ब्रेकचे ड्रम उघडाल तेव्हा आतील धूळ तोंडाने फुंकू नये किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरीत असत आणि ते फुप्फुसास अपायकारक आहे, म्हणून ओल्या कापडाने ती पुसून कापड पिशवीत बांधून टाकावे.

आपल्याकडील पावसाळा हा या साऱ्या हिशेबावर पडणारा जादा भार होय. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने केबलींत पाणी मुरते, चेनचे वंगण धुऊन जाते आणि पॉइंटांच्या झाकणात दमटपणा धरतो. तेव्हा मृगापूर्वी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा केबलींत वरून तेल सोडणे, चेन रॉकेलने धुऊन पुन्हा वंगविणे आणि बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावणे ही कामे नेमाने करावीत. इंधनाचीही एक नवी बाब जमेस धरली पाहिजे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि आता ते सर्वदूर मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या जातीच्या रबरास फुगविते; म्हणून पेट्रोलची नळी व कार्ब्युरेटरमधील रबरी वायसर नव्या इंधनास टिकतील अशा जातीचे बसवावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल काढून टाकावे.

आता एका अशा कामाकडे वळतो की जे पान्याविना होते आणि ज्याची हयगय सर्वाधिक होते: नोंद. एक साधी वही गाडीच्या नावे राखावी आणि तीत तारीखवार, किलोमीटरच्या आकड्यासह, कोणते अंतर मोजले, किती आढळले, किती केले, हे लिहीत जावे. सरकारी दप्तरातही जुन्या वाहनाची नोंद मुदतीने तपासली जातेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि नंतर वाहन तपासून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. परंतु तो दाखला वाहन त्या दिवशी कसे होते एवढेच सांगतो. झीज कोणत्या गतीने चालली आहे हे केवळ मालकाच्या वहीतूनच कळू शकते. चेन मागे सरकविण्याच्या खाचा पूर्वी तीन हजार किलोमीटरला एक या बेताने संपत होत्या आणि आता हजाराला एक संपू लागली, असे वहीत दिसले की चेन-स्प्रॉकेटची जोडी बाजारातून आणण्याची वेळ झाली हे रस्त्यात चेन तुटण्यापूर्वीच समजते. ब्रेकच्या केबलीचा स्क्रू शेवटच्या आट्याला पोहोचला, पॉइंटांची पट्टी सरकायला जागा उरली नाही, टॅपेटचे अंतर प्रत्येक खेपेस बदलू लागले, या सर्व खुणांचा अर्थ एकच असतो: निर्मात्याने झिजेसाठी राखून ठेवलेली शिल्लक संपत आली आहे.

घरच्या कामाला मर्यादाही आहेत आणि त्या पाळणे हा निगेचाच भाग आहे. क्रँकचे बेअरिंग, झडपा घासून बसविणे, सिलिंडर बोअर करणे, चाकाचे आरे ताणून ते सरळ करणे ही कामे सराईत मिस्त्रीच्या हातची आहेत, आणि ती त्याच्याकडे सोपविण्यात कमीपणा नाही. उलट, वही घेऊन येणारा मालक मिस्त्रीलाही हवासा वाटतो. गाडी कोठे दुखते हे सांगण्याऐवजी कोणते माप केव्हापासून ढळले हे तो सांगू शकतो, आणि त्यामुळे विनाकारण इंजिन खोलण्याचा खर्च वाचतो.

ज्यांना या कामाचा आरंभ करावयाचा आहे त्यांनी प्लग काढून पाहण्यापासून करावा. तो हातास बसला की चेन आणि केबली, मग पॉइंट, आणि सर्वांत शेवटी टॅपेट, या क्रमाने पुढे जावे. प्रत्येक पायरीवर आधी नुसते मोजावे व वहीत लिहावे, आणि माप खरोखर ढळले असेल तरच पाना लावावा. बिघाड नसलेल्या जागी केलेल्या दुरुस्तीने जुन्या गाड्यांचे जेवढे नुकसान झाले आहे तेवढे झिजेने क्वचितच झाले असेल.